फणसावरची बांडी

तिन्हीसांजेला आमच्या कुडाळकडच्या घरी दोन कामं चुकत नसत: तुळशीपुढचा दिवा आणि कोंबड्यांची मोजणी. दिवा आई लावायची. मे महिन्याच्या सुट्टीत मोजणी माझ्याकडे असे. अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा, मिळून बारा. एकेक जण खुराड्याच्या दारात क्षणभर थबकायचा, मान खाली घालून आत शिरायचा आणि माझी मोजणी रोज अकरावर अडायची. बारावी म्हणजे बांडी. काळी-पांढरी, अंगानं किरकोळ, तुरा डाव्या डोळ्यावर कललेला. ती परसातल्या फणसाखाली उभी राहून मान वाकडी करून वर बघे. मग एक झेप लाकडांच्या राशीवर, दुसरी गडग्यावर, तिसरी फणसाच्या बेचक्यात.

मी काठी घेऊन धावायचो. मी जितका धावे तितकी ती वर सरके. पडवीतून आजीचा आवाज यायचा, "मेल्या, तिच्या पाठी धावतंस कित्याक? काळोख पडांदे."

काळोख पडला की आजी मला स्टुलावर चढवायची. बॅटरी लावायची नाही, बोलायचं नाही. दोन्ही हात पंखांवरून घालायचे, पंख अंगाशी मिटलेले राहतील इतपत धरायचे आणि उचलायचं. बांडी गंजक्या बिजागरीसारखी एकदा कुरकुरायची आणि मुकाट हातात यायची. अर्धा तास जी सापडत नव्हती ती अर्ध्या मिनिटात काखेत.

तेवढ्या वेळात कोंबडीत काय बदलत होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आधी तिच्या डोळ्याकडे बघू. रंग टिपणाऱ्या शंकूपेशींचे आपल्याकडे तीन प्रकार आहेत, कोंबडीकडे चार, आणि वर जोडशंकू नावाच्या आणखी एका पेशीची भर. उन्हात, पाचोळ्यात, पाचोळ्याच्याच रंगाची वाळवी तिला जशी दिसते तशी आपल्याला जन्मात दिसायची नाही. पण अंधुक उजेडात कामाला येणाऱ्या दंडपेशींच्या बाबतीत ती गरीब आहे. घुबडाचं नेमकं उलट. त्यामुळे दिवस बुडाला की कोंबडीची तारांबळ होते. तिला काहीच दिसत नाही असं नव्हे, पण खाली उतरायचं कुठे याचा अंदाज येत नाही, म्हणून ती फांदी सोडत नाही. मोठ्या पोल्ट्रीत पक्षी पकडून गाडीत भरायचे असतात तेव्हा मंद निळा दिवा लावतात तो याचसाठी. माणसाला त्या उजेडात हात-पाय दिसतात, कोंबड्या मात्र गप्प बसून राहतात. आजीकडे निळा दिवा नव्हता. तिच्याकडे सबुरी होती.

पण डोळ्यांनी अर्धंच उत्तर मिळतं. बांडी फणसाकडे निघायची ती अंधार पडायच्या आधी, सगळं लख्ख दिसत असताना. तिला वेळ कोण सांगत होतं? कोंबडीच्या मेंदूवर, कवटीच्या अगदी लगत, पिनिअल नावाची बारीकशी ग्रंथी असते. १९९४ मध्ये जपानी संशोधकांना या ग्रंथीत उजेड ओळखणारं एक प्रथिन सापडलं. त्याला त्यांनी पिनोप्सिन नाव दिलं. म्हणजे डोळ्यांची मदत न घेता, हाडातून झिरपलेल्या प्रकाशावरून ही ग्रंथी दिवस किती उरला ते ओळखते. उजेड ओसरला की ती मेलाटोनिन सोडते आणि अंग झोपेच्या तयारीला लागतं. शिवाय तिचं स्वतःचं घड्याळही चालू असतंच.

घड्याळाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणत आलो. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या त्सुयोशी शिमुरा आणि ताकाशी योशिमुरा यांनी २०१३ मध्ये खरोखरच कोंबडे झाकले. दिवसरात्र सारखाच मिणमिणता उजेड असलेल्या खोलीत त्यांना ठेवलं. बाहेर तांबडं कधी फुटतं हे कळायची काहीच सोय नसताना कोंबडे जवळपास चोवीस तासांच्या चक्रावर, पहाटेच्या सुमारासच आरवत राहिले. दोन वर्षांनी त्याच गटानं आणखी एक गोष्ट दाखवली. अनेक कोंबडे एकत्र असले की पहिली बांग कळपातला वरिष्ठ कोंबडा देतो, बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे मागून. या पायरीकडे पुन्हा यायचं आहे, कारण संध्याकाळच्या गोंधळातही तिचा हात असतो.

तर कोंबडीला रात्र झाल्याचं कळतं, आणि कळलं की तिला उंच जायचं असतं. हे वळण आपण लावलेलं नाही. तिचा मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. तो दिवसभर जमिनीवर उकरतो आणि रात्री झाडावर बसतो. मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणी सापडलेली इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली हाडं ही पाळीव कोंबडीची सगळ्यात जुनी हाडं असल्याचं २०२२ च्या एका अभ्यासात मांडलं गेलं. भात आणि भरडधान्याची शेती सुरू झाली, खळ्यातले दाणे टिपायला रानकोंबडे झाडावरून उतरले आणि माणसाजवळ राहिले, असा त्या संशोधकांचा तर्क. दाण्यासाठी खाली आले ते खरं, पण झोपायला वर जायची सवय त्यांनी सोडली नाही. आपल्या सह्याद्रीत, आंबोलीच्या रानात दिसतो तो राखी रानकोंबडा, हा त्यांचा चुलत भाऊ. त्याचंही देणं आपल्या परसात आहे. अनेक कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग या राखी रानकोंबड्याकडून आला, हे २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून समजलं. बांडीचे पाय हळदीसारखे पिवळे होते.

उंच बसायची ही ओढ किती तीव्र असते हे स्वीडनमध्ये ॲना ओल्सन आणि लिंडा कीलिंग यांनी मोजून बघितलं. दिवे मालवल्यावर दहाएक मिनिटांत जवळपास सगळ्या कोंबड्या दांडीवर, आणि तीही सगळ्यात वरची दांडी. पुढे २००२ मध्ये त्यांनी दांडीच्या वाटेत ढकलायचं दार बसवलं आणि ते जड करत नेलं. कोंबड्या रात्रीच्या दांडीसाठी ते ढकलत राहिल्या. मी काठी नाचवत होतो ती अशा ओढीच्या विरोधात.

आता खरा प्रश्न. बाकीचे अकरा जण खुराड्यात समाधानी असताना एकटी बांडीच का बाहेर? माणसाचं पहिलं उत्तर ठरलेलं: हट्टी आहे. माझ्या मते हे उत्तर आळशीपणाचं आहे. कोंबडी रात्री कुठेतरी जातेच. ती जिथे जाते ती जागा तिच्या हिशेबी बरी असते आणि आपलं खुराडं त्या हिशेबात हरलेलं असतं. कशामुळे हरलं ते शोधायला खुराड्यात डोकं घालावं लागतं, आणि ते आपल्याला नको असतं.

आजीनं ते घातलं. एका दुपारी, कोंबड्या बाहेर चरत असताना, तिनं खुराड्यातली बसायची बांबूची दांडी उपसून काढली आणि अंगणातल्या पाथरीवर आपटली. बांबूच्या फुटक्या टोकातून तपकिरी पूड पडली. वाटलं, वाळवीचा भुसा. मग पूड चालायला लागली. मिरीच्या दाण्याच्या पावपटही नसलेले जीव, काही करडे, काही रक्तासारखे तांबडे. आजीनं ती दांडी तशीच न्हाणीघराच्या चुलीत घातली.

हा कोंबड्यांचा लाल माइट. जेमतेम एक मिलिमीटरचा, आठ पायांचा, कोळ्याच्या गोतावळ्यातला. याची खोड अशी की तो कोंबडीच्या अंगावर मुक्काम करत नाही. दिवसा दांडीच्या भेगेत, बांबूच्या पोकळीत, फळीच्या सांध्यात, सुकलेल्या शिटेखाली दडून बसतो. रात्री कोंबड्या दांडीवर आल्या की बाहेर पडतो, तास-दीड तास रक्त पितो आणि परत भेगेत. म्हणून दिवसा कोंबडी उलटीपालटी करून तपासली तर काहीही सापडत नाही. आपण म्हणतो, पक्षी निरोगी आहे, नखरे करतो. उकाड्यात याची एक पिढी आठवडाभरात तयार होते आणि रक्त मिळालं नाही तरी तो कित्येक महिने तग धरतो. त्यामुळे चार दिवस खुराडं रिकामं ठेवून काही साधत नाही. याच्याच जोडीला कोंबड्यांची गोचीड असते. तीही दिवसा फटीत आणि रात्री अंगावर. तुरा फिका पडणं, अंडी कमी होणं ही लक्षणं नंतर दिसतात. रात्री आत जायला कुरकुर करणं हे त्याच्या कितीतरी आधीचं.

मग बाकीचे अकरा जण का जात होते? इथे ती पायरी येते. नॉर्वेचा थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे हा लहानपणापासून कोंबड्या न्याहाळत बसणारा माणूस. कोण कुणाला टोचतं याच्या नोंदी ठेवता ठेवता त्याला दिसलं की कळपात प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला असतो. वरची खालचीला टोचते, खालची उलट टोचत नाही. १९२१ मध्ये त्यानं हे प्रबंधात मांडलं. दिवसभर मोकळ्या रानात हा क्रमांक फारसा बोचत नाही, कारण पळायला जागा असते. संध्याकाळी चार फुटी खुराड्यात तो पुरता जाणवतो. वरिष्ठ कोंबड्या दांडीचा चांगला भाग धरतात. आमच्याकडची सगळ्यात खालची बांडी. तिच्या वाट्याला दांडीचं कोपऱ्यातलं टोक यायचं, तेच फुटकं टोक. टोचण्या आणि माइट, दोन्ही एकाच जागी. फणस त्यापेक्षा बरा, हा तिचा निर्णय मला आज अगदी पटतो.

पायरीवर उपाय फार अवघड नाही. एकीखाली एक अशा दांड्या लावल्या की वरच्या दांडीसाठी रोज हाणामारी. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर लावल्या तर भांडणाचं एक कारण तरी जातं. दर कोंबडीला दांडीवर वीतभर जागा लागते. दांडी मनगटाएवढी जाड, कडा घासलेल्या, आणि बांबू असेल तर टोकं बुजवलेली. मार खाणारी असेल तिला अंधार पडल्यावर हातानं आत ठेवावी. तेव्हा कुणाला कुणाला टोचायचं सुचत नाही.

कधीकधी मात्र एक नाही, सगळ्याच कोंबड्या दाराबाहेर घोळका करून उभ्या राहतात. माना लांब, आवाज चढा, कोंबडा पुढे-मागे करतोय. अशा वेळी त्यांना ढकलू नये आणि हात तर मुळीच आत घालू नये. आधी लांबून बॅटरी मारावी. अंड्यांच्या वासावर नाग येतो, पिल्लांसाठी धामण येते आणि पोट भरल्यावर तिथेच वेटोळं घालून पडते. आमच्या वाडीत असं झालं होतं. कोंबड्या आत जात नाहीत म्हणून एकजण त्यांना शिव्या देत होता, आणि आत अंडी ठेवायच्या पाटीत नाग होता. सर्पमित्राला बोलावून तो निघाला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. सगळ्या कोंबड्या तोवर पडवीच्या वाशांवर.

विकत आणलेल्या कोंबडीची कथा वेगळी. बाजारातून आणली आणि दुसऱ्याच दिवशी सोडली तर संध्याकाळी ती कुठे जाणार? तिला घर माहीतच नाही. जुनी माणसं तिला चार-सहा दिवस डालग्याखाली झाकून ठेवत, दाणापाणी तिथेच देत. हे डालगं खुराड्याला लागून ठेवावं, किंवा तिला सरळ खुराड्यातच आठवडाभर कोंडावं. आठव्या दिवशी ती आपणहून परत येते. बाजारातून आणताना पाय धरून उलटी लोंबकळत आणायची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडून द्यावी. कोंबडीला श्वासपटल नसतं. उलटी धरली की पोटातलं ओझं हवेच्या पिशव्यांवर येतं. ती शांत दिसते, पण ती शांतता सुखाची नव्हे.

गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींची, यंत्रात उबवलेली पिल्लं पाळणाऱ्यांची तक्रार असते की यांना अक्कलच नाही, काळोख झाला तरी दारापाशी ढीग करून बसतात. यात जातीचा दोष थोडा. गावठी पिल्लू आईच्या मागून हिंडतं, आई जिथे चढते तिथे महिन्याभरात तेही चढायला बघतं. यंत्रातल्या पिल्लाला वर कसं जायचं हे दाखवणारं कुणी नाही. स्वीडनमध्येच २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही पिल्लांना पहिले आठ आठवडे दांडी मिळू दिली नव्हती. पुढे मोठेपणी उंचावर ठेवलेल्या खाद्यापर्यंत पोचताना ती इतरांपेक्षा अडखळली. म्हणून पिल्लांच्या शेडमध्ये पहिल्या काही आठवड्यांतच वीतभर उंचीची एखादी काठी आडवी टाकावी. आणि ही वजनदार कोंबडी फणसावर चढत नाही तशीच तीन फुटी दारातही उडी मारत नाही. तिला उतरंडीची फळी लागते, आणि त्या फळीवर पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या.

उन्हाळ्यात पत्र्याचं खुराडं. याबद्दल एवढंच सांगतो की दुपारी चारला तुम्ही स्वतः आत पाच मिनिटं डोकं घालून बघा. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी ठेवून धापा टाकून अंग निववते. संध्याकाळी तो पत्रा निवायच्या आत तिनं शिरावं ही अपेक्षा चुकीची आहे. वर माडाची झापं टाका. पावसाळ्यात खालचा तूस ओला होऊन नाक झोंबणारा वास सुटतो, त्याचाही परिणाम तोच.

उजेडाचंही एक. संध्याकाळी बाहेर फटफटीत आणि आत मिट्ट काळोख असेल तर दंडपेशींची ही गरीब कोंबडी त्या काळोखात पाय टाकायला कचरते. दिवेलागणीला आत एक लहान बल्ब लावावा, सगळ्या आत गेल्या की मालवावा. हल्ली उलटा प्रकार जास्त. चौकात हायमास्ट लागतो, अंगणात एलईडी, आणि कोंबड्यांना दिवस संपलाय असं वाटतच नाही. आणि घड्याळ बघून दार बंद करणाऱ्यांसाठी: मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासात वाजून गेल्यावर. साडेसहाला दार लावायचा तुमचा नियम एका ऋतूत कोंबड्यांवर टपलेल्या कांडेचोराच्या सोयीचा ठरतो, दुसऱ्या ऋतूत कोंबड्यांना न विचारता केलेला.

बोलवायचं असेल तर दाण्यावर बोलवा. रात्रभर पुरावं म्हणून कोंबडी संध्याकाळी गळ्याखालची पिशवी भरून घेते, त्यामुळे या वेळची भूक खरी असते. दुपारनंतर हात आखडता घ्यायचा आणि सांजेला कणी किंवा बाजरी खुराड्याच्या आत टाकायची, दारात नाही. सोबत रोज तीच हाक, तोच डबा वाजवणं. आजीची 'ति-ति-ति' ही हाक खालच्या आळीतल्या कोंबड्यांनाही पाठ होती. हाकेशी बेइमानी मात्र करू नये. दाण्याची हाक घालून पकडायचं आणि पाहुण्यांसाठी वड्यांबरोबर शिजवायचं, हे उरलेल्या कोंबड्यांच्या डोळ्यांदेखत झालं तर पुढचे काही दिवस हाक फुकट जाते. आमच्याकडे पाहुणचाराची कोंबडी रात्री, बाकीच्या झोपल्यावर काढत. त्यामागे दया होती की हिशेब, मला सांगता येणार नाही.

बांडीचं सांगायचं राहिलं. आजीनं खुराडं रिकामं करून भेगांतून चुना भरला, तळाशी राख पसरली, नवी दांडी घातली, टोकं मातीनं लिंपली. त्या संध्याकाळी बांडी तरीही फणसावर गेली. दुसऱ्याही. खुराडं बदललंय हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मग रोज काळोखात तिला उतरवून नव्या दांडीवर ठेवायचं, सकाळी उशिरा सोडायचं, असं आठ-नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी ती आपल्या पायांनी आली, सगळ्यांच्या शेवटी, दारात उभी राहून एकदा फणसाकडे बघून.

तुमच्याकडे आज कुणी बाहेर राहिली असेल तर तिला काळोखात उतरवून आत ठेवा. रात्री नऊनंतर बॅटरी आणि एक पांढरा कागद घेऊन खुराड्यापाशी या आणि दांडीच्या खालच्या अंगानं कागद घासून बघा. तांबडे फराटे उमटले तर दांडी सकाळी चुलीत. कागद कोरा निघाला तर मग पत्रा, वास, उजेड, शेजारीण असं एकेक बघत चला. कोंबडीला हट्टी ठरवायचं सगळ्यात शेवटी.